काळी चार आणि ओट्यावरची म्हातारी

(दृश्य : अमळनेर. पहाटेचा अंधार. गल्लीत एकाच खिडकीत उजेड.)

चार वाजलेत. सर उठलेत.

या वेळेला या खिडकीतून पेटीचा सूर यायचा. दूधवाल्याला त्यावरून वेळ कळायची. आम्ही विद्यार्थी सहा वाजता पोचायचो, तेव्हा सरांचा रियाज होऊन गेलेला असायचा आणि चहा चुलीवर असायचा. आता तीच वेळ, तीच सतरंजी, पण पुढ्यात पेटी नाही. पुढ्यात उतरता डेस्क आहे, आणि त्यावर रेघी वही. सर आता कथा लिहितात.

माझे सर २०१६ साली शाळेतून निवृत्त झाले. ३८ वर्षं संगीत शिक्षक. आमच्यासारख्या किती पोरांना त्यांनी प्रवेशिका ते विशारद परीक्षांना बसवलं, त्याची गणती त्यांनाही नाही. पण शाळा ही दिवसाची गोष्ट. रात्री सर साथीला जायचे. भजन, कीर्तन, नाट्यसंगीताची मैफल, कुणाच्या घरचा गोंधळ. पारोळा, चोपडा, धरणगाव, शिंदखेडा, बोलावणं येईल तिथं. पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून, पुढे एसटीच्या टपावर टाकून.

(दृश्य : लाकडी कपाट. वह्यांचा गठ्ठा. सरांचे हात एक वही उघडतात.)

या वह्यांबद्दल आम्हाला कुणालाच माहिती नव्हतं.

प्रत्येक कार्यक्रमाची नोंद आहे. तारीख, गाव, गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे पेटीची कोणती पट्टी त्यानं सा धरली ते. काळी एक. पांढरी चार. काळी पाच. आणि शेवटी एखादी ओळ, मनात राहिलेली. पेनची शाई काही ठिकाणी पसरलीय, पावसात भिजलेली असावी. ही बघा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसाची :

‘काळी चार. आखाजी. अर्ध्यात वीज गेली. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी रडत होती.’

बस. एवढंच.

मी सरांना विचारलं, ती का रडत होती? सर म्हणाले, ‘मला काय माहीत? शेवटची एसटी गाठायची होती. पेटी उचलली आणि निघालो.’

माझ्या मते सरांच्या सगळ्या लिखाणाचं मूळ इथं आहे. साथीला बसणारा माणूस माजघरापर्यंत जातो. घरातली भांडणं त्याच्या कानावर पडतात, नव्या सुनेचे डोळे त्याला दिसतात, पानावर वाढणारा हात थरथरतोय हे त्याला कळतं. आणि मग कार्यक्रम संपतो, तो निघून जातो. पुढचं त्याला कधीच कळत नाही. ३८ वर्षांत अशा किती अर्धवट गोष्टी सरांच्या पदरी पडल्या! आठवणी लिहायला बसले असते, तर त्या दोन-दोन ओळींत संपल्या असत्या. म्हणून सर कथा लिहितात. जे कळलं नाही, ते रचून बघतात.

सोपं नाही ते. साथीदाराचा सगळा धर्म मागं राहण्याचा. गाणारा तान घेतो, पेटी केसाएवढी मागून येते. गाणारा श्वास घेतो, तेवढी जागा पेटीनं भरायची आणि तो परतला की लगेच रिकामी करून द्यायची. कथेत पुढे कुणीच नसतं. पहिली दोन वर्षं सर पहिल्या पानावरच अडून बसायचे. तिसऱ्या ओळीत कोण येणार, हे त्यांनाच ठरवायचं होतं आणि त्याची त्यांना सवय नव्हती.

(दृश्य : पेटीवरचं मखमली कापड बाजूला होतं. भाता हळूच उघडतो.)

सर शिकवताना एक गोष्ट हमखास सांगायचे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. कारण काय, तर पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. दोन पट्ट्यांच्या मधला सूर पेटीला माहीतच नाही. सर हे सांगायचे आणि मग भात्याचा दाब असा काही कमी-जास्त करायचे, की मधला सूर आहे असं वाटायचं.

लिहिताना त्यांना तीच अडचण आली. म्हातारीची कथा त्यांनी पाच वेळा लिहिली. पहिल्या खर्ड्यात तिचा मुलगा सुरतेला गेलेला. इकडची किती घरं सुरतेच्या मागांवर जगली, भुसावळ-सुरत गाडीनं किती पोरं तिकडे गेली, हे आम्हाला कुणी सांगायला नको. तेव्हा कारण पटण्यासारखं होतं. आखाजीला मुलगा आला नाही, म्हणून आई रडते. आणि ती म्हणते : ‘मला माझ्या घरी जायचे आहे.’

सर मोठ्यानं वाचायचे आणि थांबायचे. सूर लागत नव्हता.

मग एका पहाटे त्यांनी ते वाक्य अहिराणीत, आमच्या खानदेशच्या बोलीत, म्हटलं. स्वतःच्या आईच्या आवाजात.

‘माले घर जानं शे.’

(दृश्य : सरांचा चेहरा. काही क्षण निवेदन नाही.)

आणि सरांच्या लक्षात आलं, म्हातारी तर तिच्याच घराच्या ओट्यावर बसलीय! मग ती कोणत्या घराबद्दल बोलतेय?

आखाजी हा आमच्याकडे माहेरवाशिणींचा सण. लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, लग्न झालेल्या लेकी चार दिवस माहेरी येतात. ऐंशीच्या घरातल्या बाईला आखाजीला कोण नेणार? आईबाप गेले, भाऊ गेले. सरांनी सुरतेचा मुलगा सगळा खोडला. चार पानं गेली. मला हळहळ वाटली, सरांना नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गायच्या. मुलगा सोपानदेव यांनी ते कागदावर उतरवलं, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. बोली जशी होती तशी ठेवली, हे त्यांचे केवढे उपकार! त्याच १९५२ साली अमळनेरात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. पुन्हा भरलं ते ७२ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात. सर तिन्ही दिवस गेले, मागच्या रांगेत बसले. आपण लिहितो, हे त्यांनी शेजारच्यालाही सांगितलं नाही. मला सांगितलं, ते त्यानंतर सहा महिन्यांनी, पेटीचा भाता दुरुस्त करायला मी गेलो तेव्हा.

आतापर्यंत ११ कथा झाल्यात. छापायचं बघू, म्हणतात. म्हातारीची अजून पुरी नाही.

(दृश्य : पुन्हा डेस्क. बाहेर उजाडू लागलंय.)

सर वाचतात तेव्हा डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत असतो. मात्रा मोजतात. सोळा. नवव्या मात्रेला, म्हणजे ‘खाली’ला, जिथं टाळी पडत नाही, हात नुसता उलटा होतो. आज त्या जागी एक शब्द होता, ‘एकटीच’. सरांनी पुन्हा वाचलं. पेन उचललं. शब्द खोडला.

आता तिथं नुसतं आहे : म्हातारी उठली. पायरीवर तिची वहाण राहिली.

‘ऐक,’ सर म्हणतात, ‘पहिल्यापासून वाचतो.’