भाड्याच्या टाळ्या आणि विजेचे दर

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात ऑक्टोबर 2017 मध्ये एक जनसुनावणी झाली. नैसर्गिक वायूवर चालणारा नवा वीजप्रकल्प शहरात उभारायचा की नाही, हा विषय. त्या शहराची एक गंमत अशी, की तिथल्या वीज कंपनीवर अंकुश ठेवण्याचं काम खुद्द नगर परिषदच करते. म्हणजे निर्णय घेणारी मंडळी समोरच बसलेली. सभागृह खच्चून भरलं होतं. नारिंगी टी-शर्ट घातलेले बरेच लोक प्रकल्पाच्या बाजूनं टाळ्या वाजवत होते, काही जण माईकपाशी येऊन बोललेही. विरोध करायला आलेल्या काहींना मात्र आत जागाच मिळाली नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तिथल्या पत्रकारांनी बातमी फोडली. त्या नारिंगी शर्टवाल्यांपैकी अनेक जण पैसे देऊन आणलेले नट होते. नुसतं बसून टाळ्या वाजवायचे साधारण 60 डॉलर, आणि लिहून दिलेलं भाषण करायचे 200. याबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही, म्हणून कागदावर सह्याही घेतलेल्या. कंपनी म्हणाली, आम्ही हे सांगितलंच नव्हतं. आमच्या जनसंपर्काच्या ठेकेदारानं नेमलेल्या पोटठेकेदाराचा हा परस्पर उद्योग. परिषदेनं चौकशी लावली. कंपनीला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं, असा निष्कर्ष निघाला आणि 50 लाख डॉलरचा दंड झाला.

मला यातल्या लबाडीपेक्षा हिशेब जास्त रंजक वाटतो. त्या सभागृहातली एकेक खुर्ची कुणाला तरी 60 डॉलर मोलाची वाटली होती. आणि आपण? "जाऊन काय होणार आहे, ठरलेलं असतं सगळं" असं म्हणून तीच खुर्ची फुकटात रिकामी सोडतो.

आता मुळात ही सुनावणी आली कुठून? भाजी महागली तर भाजीवाला आपल्याला हरकती घ्यायला बोलावत नाही. वीज कंपनीनं का बोलवावं? कारण एका रस्त्यावर चार कंपन्यांचे खांब आणि चार कंपन्यांच्या तारा ओढणं म्हणजे चौपट खर्च. म्हणून तारांचं काम एकाच कंपनीकडे दिलं जातं. ग्राहक तिला सोडून जाऊ शकत नाही, आणि जो सोडून जाऊ शकत नाही त्याला भाव सांगताना कुणाचीच जीभ अडखळत नाही. मग मक्तेदारी द्यायची, पण दर ठरवायचा अधिकार काढून घ्यायचा, असा हा सौदा आहे.

आणि हा सौदा मागितला कुणी? एका वीज कंपनीच्या प्रमुखानं! सॅम्युएल इन्सल हा गृहस्थ एकेकाळी थॉमस एडिसनचा सचिव होता, पुढे शिकागोतल्या वीज कंपनीचा प्रमुख झाला. 1898 मध्ये वीज व्यावसायिकांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून त्यानं आपल्याच भाईबंदांना सांगितलं, की सरकारी नियंत्रण स्वीकारा, त्यातच आपलं हित आहे. ऐकणाऱ्यांना ते फारसं रुचलं नाही. पण त्याचं गणित साधं होतं. नगरसेवकांच्या मागेमागे फिरून परवाने मिळवायचे, त्यात उद्या शहरानं वीज कंपनीच ताब्यात घेतली तर सगळंच गेलं. त्यापेक्षा एक आयोग असावा, त्यानं दर ठरवावा, वाजवी नफा बांधून द्यावा, आणि आपल्या हद्दीत दुसरा कुणी येऊ नये. 1907 मध्ये विस्कॉन्सिन आणि न्यू यॉर्क या राज्यांनी असे आयोग नेमले, आणि ती पद्धत पसरत गेली. इन्सलचं स्वतःचं साम्राज्य मात्र 1932 मध्ये कोसळलं. कंपनीवर कंपनी, तिच्यावर आणखी कंपनी असे मजले त्यानं चढवले होते, आणि आयोगांची नजर फक्त तळमजल्यापर्यंत पोचत होती. हजारो लहान भागधारक बुडाले. त्यानंतर 1935 मध्ये अमेरिकेनं अशा धारक कंपन्यांसाठी वेगळा कायदा केला.

म्हणजे आयोग हे ग्राहकाचं कवच आहे तसं कंपनीचंही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण आयोगासमोर फिर्यादीसारखे जातात. मीही गेलो होतो.

पहिल्या सुनावणीला मी भाषण पाठ करून गेलो. महागाई, सामान्य माणूस, कंपनीची मग्रुरी, सगळं होतं त्यात. तीन मिनिटं मिळाली. टाळ्याही पडल्या, आणि त्या भाड्याच्या नव्हत्या. अध्यक्ष म्हणाले, "नोंद घेतली." कंपनीच्या वकिलानं मान वर करूनही पाहिलं नाही. माझ्यानंतर एक निवृत्त लेखापाल उठले. त्यांच्या हातात दोनच पानं होती. ते म्हणाले, "साहेब, याचिकेत हे उपकेंद्र पूर्ण झालं असं दाखवून त्यावर परतावा मागितलाय. आणि कामांच्या प्रगतीच्या तक्त्यात याच उपकेंद्रासमोर 'काम सुरू' असं लिहिलंय. दोन्हींपैकी कुठलं पान खरं धरायचं?" वकिलानं चष्मा काढला. मागच्या रांगेतले दोन अधिकारी फायली उलटू लागले. अध्यक्षांनी लेखी खुलासा मागितला. आदेश आला तेव्हा ती रक्कम त्या वर्षापुरती वगळलेली होती. माझ्या भाषणाचं काय झालं, ते सांगायला नको.

त्या दोन पानांत इतकं वजन कुठून आलं, हे कळण्यासाठी दर कसा ठरतो ते थोडं पाहू. कंटाळवाणं आहे, पण पैसे तिथेच आहेत. कंपनीचे खर्च साधारण दोन जातींचे. इंधन, बाहेरून घेतलेली वीज, पगार, देखभाल ही एक जात. हा खर्च आयोगानं मान्य केला की जसाच्या तसा दरात जातो, त्यावर नफा नसतो. दुसरी जात भांडवली खर्चाची: तारा, खांब, रोहित्रं, उपकेंद्रं. यावर दरवर्षी घसारा, म्हणजे झिजेपोटी मूळ किमतीचा एक हिस्सा, मिळतो आणि वर ठरावीक टक्के परतावा. समजा, जुनं यंत्र 5 रुपयांत दुरुस्त होतंय आणि नवं 50 रुपयांना येतंय. दुरुस्तीचे 5 रुपये आले आणि गेले. नव्या यंत्रावर मात्र 10 टक्के परतावा धरला, तर पहिल्याच वर्षी 5 रुपये नफ्याचे, आणि पुढे घसाऱ्यानं थोडे थोडे कमी होत का होईना, कित्येक वर्षं येत राहतात. कंपनी चालवणारा माणूस वाईट नसला तरी त्याचं बोट कुठल्या पर्यायावर टेकेल? हार्वे अ‍ॅव्हर्च आणि लेलँड जॉन्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी 1962 मध्ये हेच सिद्धांत म्हणून मांडलं: परतावा भांडवलावर बांधून दिला, की गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतण्याकडे कल राहतो. सोन्याचा मुलामा देणं म्हणतात त्याला.

ब्रिटननं यावर दुसरी वाट काढली. स्टीफन लिटलचाइल्ड या अर्थतज्ज्ञानं 1983 मध्ये आधी दूरध्वनी कंपनीसाठी सुचवलेली ही रीत पुढे विजेलाही लावली गेली. दर महागाईच्या वेगापेक्षा काही टक्के कमीच वाढेल अशी मर्यादा घालायची, आणि त्या मर्यादेत कंपनीनं खर्च वाचवला तर तो नफा तिचा. यात मुलाम्याचा मोह घटतो खरा, पण मग देखभालीत हात आखडता घेण्याचा मोह वाढतो. मोह नसलेली रीत अजून कुणाला सापडलेली नाही. म्हणूनच दोन्ही रीतींत कुणीतरी कागद वाचणारा लागतो.

कागद वाचायचे तर ते मिळायला हवेत. दाभोळ आठवा. एन्रॉनच्या त्या प्रकल्पातल्या विजेचा खरेदी करार डिसेंबर 1993 मध्ये झाला. तेव्हा राज्यात वीज नियामक आयोग नव्हता, करार लोकांसमोर ठेवलेला नव्हता, आणि त्याचे आकडे बाहेर यायला अभ्यासकांना, कार्यकर्त्यांना झगडावं लागलं. 2001 मध्ये वीज मंडळानं ती महाग वीज घेणं थांबवलं. सुनावणी झाली असती तर सगळं टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण इंधनाचा भाव आणि डॉलरचा दर वाढला तर भार कुणावर, एवढा एक प्रश्न सही होण्याआधी उघड विचारला गेला असता.

आज भारतात 2003 च्या वीज कायद्याचं कलम 64 आहे. दराचा अर्ज करणाऱ्यानं त्याचा सारांश प्रसिद्ध करायचा, आयोगानं लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन 120 दिवसांत आदेश द्यायचा, आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यायची. कलम 94 प्रमाणे ग्राहकांची बाजू मांडायला आयोग कुणाला अधिकृतपणे नेमूही शकतो. कायदा म्हणून हे चांगलं आहे. अडचण इतकीच, की सारांश वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत येतो आणि मूळ याचिका शेकडो पानांची असते. ती वाचायला सवड कुणाला, आणि त्या सवडीचे पैसे कोण देणार?

कॅलिफोर्नियात 1973 मध्ये सिल्विया सीगल या बाईंनी ग्राहकांची एक संघटना सुरू केली. ती दरवाढीच्या प्रत्येक मोठ्या प्रकरणात उभी राहायची. पुढे तिथे नियम झाला, की आयोगाच्या निर्णयात ज्या हस्तक्षेपकाच्या, म्हणजे सुनावणीत बाजू मांडणाऱ्या तिऱ्हाइताच्या, मांडणीचा भरीव वाटा असेल, त्याला वकील आणि तज्ज्ञांचा खर्च मिळावा. तो कंपनीनं द्यायचा. शेवटी तोही बिलातूनच वसूल होतो, हे खरं. पण कंपनीच्या वकिलाची फीसुद्धा आपल्याच बिलात असते, मग आपला एक वकील का नसावा?

याच संघटनेची पाकिटाची गोष्ट मला फार आवडते. तिथली वीज कंपनी बिलाच्या पाकिटात स्वतःचं वार्तापत्र घालायची. संघटना म्हणाली, बिल आणि आवश्यक सूचना घातल्यावरही पाकिटात त्याच टपालखर्चात आणखी कागद मावतो. पाकिटाचा आणि तिकिटाचा पैसा ग्राहकांचा, म्हणजे ती उरलेली जागाही ग्राहकांचीच. आयोगाला हे पटलं. वर्षातून चार वेळा त्या जागेत संघटनेचं पत्रक जाऊ द्या, असा आदेश निघाला. कंपनी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1986 मध्ये जिंकली. ज्याच्याशी पटत नाही त्याचं म्हणणं आपल्या पाकिटातून पोचवण्याची सक्ती म्हणजे कंपनीच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला, असं न्यायालय म्हणालं. काही ग्रॅम कागदासाठी एवढी मोठी लढाई! ग्राहकापर्यंत कोण पोचतो, याची किंमत कंपन्या आपल्यापेक्षा अचूक ओळखतात.

उलट बाजूही सांगायला हवी. सुनावणीला येतात ते सगळ्यांचे प्रतिनिधी असतातच असं नाही. उद्योगांचे सल्लागार तयारीनं येतात, घरगुती ग्राहक नोकरीवर असतो, आणि ज्याच्या घरात अजून वीजच पोचलेली नाही त्याला तर ग्राहक म्हणून नोटीसही लागू होत नाही. प्रकल्प आपल्या अंगणात नको एवढंच सांगायला आलेला माणूस आणि दर कमी करा म्हणणारा माणूस यांचे रस्ते नेहमी जुळत नाहीत. शिवाय आयोगच वाकला तर? ओहायो राज्यात 2019 मध्ये दोन अणुप्रकल्पांना आधार देणारा कायदा झाला, ज्याचा बोजा ग्राहकांवर पडणार होता. नंतर कळलं, की त्यामागे सुमारे 6 कोटी डॉलर फिरले होते. प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापतीला 2023 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. राज्याच्या आयोगाचा अध्यक्ष लवकरच होणाऱ्या व्यक्तीच्या कंपनीला 43 लाख डॉलर दिल्याचं वीज कंपनीनं कबूल केलं. त्या व्यक्तीनं आरोप नाकारले. अशा ठिकाणी सुनावणीच्या खोलीत कितीही नेमका प्रश्न विचारा, उत्तर दुसऱ्याच खोलीत ठरलेलं असतं. तरीही विचारलेला प्रश्न नोंदीत राहतो, आणि अपिलात तीच नोंद उपयोगी पडते.

जाता जाता पुन्हा न्यू ऑर्लिन्स. टाळ्यांचं बिंग फुटण्याआधीच, मार्च 2018 मध्ये, परिषदेनं प्रकल्पाला मंजुरी दिली होती, आणि दंडानंतरही ती कायम ठेवली. वादळात बाहेरून येणाऱ्या तारा तुटल्या तर हा प्रकल्प शहराला वीज देईल, असं प्रकल्पाच्या बाजूनं सांगितलं जायचं. विरोधकांचा मुद्दा वेगळा होता: इथली वीज बहुतेक वेळा रस्त्यावरच्या तारांमुळे जाते, आधी त्या सुधारा. 29 ऑगस्ट 2021 रोजी आयडा वादळ आलं. शहराला वीज आणणाऱ्या आठही पारेषण वाहिन्या बंद पडल्या. प्रकल्प जागेवर उभा होता. शहरातला पहिला दिवा लागायला दोन दिवसांहून अधिक वेळ गेला.

नमस्कार.