सुईच्या नेढ्यातली चहापार्टी

नमस्कार मंडळी. आज बोलूया अशा कलाकारांबद्दल जे रंग-कॅनव्हास सोडून भलत्याच वस्तू हातात घेतात आणि एकेका कामाला महिने घालतात. घानात जन्मलेले एल अनात्सुई घ्या, नायजेरियात न्सुक्काच्या युनिव्हर्सिटीत शिकवायचे, ते दारूच्या बाटल्यांची टोपणं चपटी करतात, दुमडतात, पिळतात आणि तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडत जोडत भिंतभर पडदा उभा करतात. २०१५ला व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीतल्या व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्यांना जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला. त्यांच्यावर खरं तर एक अख्खा प्रोग्रॅम व्हायला हवा, पण आज मला सांगायचीय विलर्ड विगनची गोष्ट, जी मी भेटेल त्याला सांगत असतो.

विगन इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा, जन्म १९५७चा. शाळेत अक्षरं जुळायची नाहीत, डिस्लेक्सिया, आणि मास्तर लोक चारचौघांत पाणउतारा करायचे. पोरगं पाच वर्षांचं असताना त्याला वाटलं बिचाऱ्या मुंग्यांना घर नाही, म्हणून त्यानं मुंग्यांसाठी घरं केली, मग आतलं फर्निचर केलं. आई म्हणायची, काम जेवढं बारीक करशील तेवढं नाव मोठं होईल. अशी आई सगळ्या पोरांना मिळो, हल्ली तर चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना द्यायचा तास झालाय, मला ते अजिबात पटत नाही.

तर हा माणूस मूर्ती करतो सुईच्या नेढ्यात. हो, सुईच्या नेढ्यात, जिथे दोरा ओवताना आपण चार वेळा टोक ओलं करतो. हत्यारं स्वतःच बनवतो, रंगवायचा ब्रश म्हणजे पापणीचा केस. सगळं मायक्रोस्कोपखाली, आणि शक्यतो रात्री, कारण दिवसा रस्त्यावरच्या गाड्यांनी हादरे बसतात. आणि आपल्या बोटात नाडी उडते ना, तेवढ्यानंही मूर्ती मोडते, म्हणून तो श्वास संथ करतो आणि हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे हात चालवतो. पुन्हा सांगतो, दोन ठोक्यांच्या मधे.

त्यानं त्या नेढ्यात ‘ॲलिस इन वंडरलँड’ या गोष्टीतली चहापार्टी मांडायला घेतली, ॲलिस नावाची मुलगी मॅड हॅटर या विक्षिप्त टोपीवाल्याकडे जाते ती. टेबल, त्याच्याभोवती मंडळी, सगळं उघड्या डोळ्यांना धुळीच्या कणासारखं. ॲलिसची मूर्ती तयार झाली, आता तिला तिच्या जागी बसवायचं, आणि नेमका तेव्हा त्यानं श्वास आत घेतला. ॲलिस गेली! श्वासाबरोबर सरळ आत, इतके दिवसांचं काम, आणि ते कलाकारानंच ओढून घेतलं!

मग काय केलं त्यानं? दुसरी ॲलिस केली. तेच कोरणं, तेच श्वास धरणं, पुन्हा पहिल्यापासून. मला त्याच्या हाताइतकंच या बसण्याचं कौतुक वाटतं, म्हणजे एवढं गेल्यावर परत त्याच स्टुलावर जाऊन बसणं. २००७मध्ये त्याला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

आपल्याकडे जत्रेत तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देणारे बसतात, त्यांच्याशी आपण दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो, ते मला फार लागतं. यंदा जाल तेव्हा भाव नका पाडू, ब्रश कशाचा आहे, हात कसा टेकवता, दाणा कशानं धरता ते विचारा. आणि काय सांगितलं ते आम्हाला नक्की कळवा.