घरच्या स्विमिंग पूलचं फाटक, तळाची जाळी आणि पहिली काही मिनिटं

नमस्कार. घरच्या पूलची सुरक्षितता म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी क्लोरीन येतं. आपण फाटकापासून सुरुवात करू. कारण लहान मुलं बुडतात ती बऱ्याचदा पोहण्याच्या वेळी नाही, तर कुणीच पोहत नसताना. घरातली सगळी मंडळी आत असतात, मूल कुणाच्या तरी जवळ असेल असं प्रत्येकाला वाटतं, आणि ते दार ढकलून एकटंच पाण्यापाशी गेलेलं असतं.

म्हणून कुंपण चारही बाजूंनी हवं. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नका. त्या भिंतीला दार असतं आणि ते दिवसभर उघडं-बंद होत असतं. उंची किमान ४ फूट. उभ्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी, खालची फटही तेवढीच. माती असेल तर ती आणखी कमी ठेवा, कारण माती धुपते. आडवे गज बाहेरच्या बाजूला नकोत, त्यांची शिडी होते. खुर्ची, कुंडी, पंपाची पेटी कुंपणापासून निदान ३ फूट लांब.

(फाटकाजवळ जाऊन)

आता हे नीट बघा. फाटक पूलच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर उघडायला हवं. मुलानं बाहेरून रेटलं तर ते आणखी घट्ट बसतं. कडी जमिनीपासून साधारण १३७ सेंटिमीटरवर. तपासायचं दोनदा. एकदा पूर्ण उघडून सोडा. मग फक्त वीतभर उघडून सोडा. दोन्ही वेळा हात न लावता कडी बसली पाहिजे. पहिल्या वेळी बहुतेक फाटकं बंद होतात. दुसऱ्या वेळी फसतात, कारण एवढ्याशा अंतरात वेग येत नाही. स्प्रिंग सैल असेल तर कडीची जीभ खाचेच्या काठाला टेकून थांबते. लांबून फाटक बंद दिसतं, बोटानं ढकललं की उघडतं. मला हे सताड उघड्या फाटकापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, कारण उघडं फाटक निदान डोळ्यांना दिसतं. बिजागरीचा स्क्रू थोडा थोडा फिरवून ताण वाढवा. तरीही जीभ खाचेखाली लागत असेल तर फाटक खाली आलंय किंवा खांब कललाय. तिथे स्प्रिंग आवळून उपयोग नाही, आधी खांब सरळ करा. आणि सामान ने-आण करताना फाटकाला वीट लावायची सवय कायमची सोडा.

पाणी गरम ठेवणारं तरंगतं कव्हर संरक्षण देत नाही. मूल त्यावर पाऊल टाकतं, कव्हर दबतं, मूल खाली जातं आणि वरून काहीच दिसत नाही. माणसाचं वजन पेलणारं, कडांना अडकवलेलं सेफ्टी कव्हर वेगळं असतं.

पोहण्याच्या वेळी एक मोठं माणूस फक्त पाण्याकडे बघणारं हवं. फोन नाही, पुस्तक नाही, १५-२० मिनिटांनी पाळी बदलायची, आणि बदलताना तोंडानं सांगायचं, ‘आता तू बघतोयस.’ अगदी लहान किंवा पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर. दंडावरच्या हवेच्या फुग्यांवर विसंबू नका, ते निसटतात. बुडणारं माणूस सहसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, डोकं मागे कललेलं, शरीर उभं, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात. श्वास घ्यायलाच जेमतेम वेळ मिळतो, हाक मारायला उरत नाही. हे २० ते ६० सेकंद चालतं आणि डोकं खाली जातं. पोहून झालं की खेळणी पाण्यातून काढा, एक तरंगता चेंडू मुलाला परत काठावर आणतो.

तळाचा ड्रेन हा विषय बहुतेक घरांत कुणी काढतच नाही. पंप तिथून पाणी ओढतो. जाळी तुटली असेल तर केस, हात किंवा पोटाची त्वचा ड्रेनच्या तोंडावर चिकटते आणि मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. सात वर्षांची व्हर्जिनिया ग्रेम बेकर २००२ मध्ये हॉट टबमध्ये अशीच अडकून दगावली. तिच्याच नावानं अमेरिकेत २००७ मध्ये कायदा झाला. जाळी सपाट नको, घुमटासारखी हवी, म्हणजे एका अंगानं ती पूर्ण झाकली जात नाही. आणि एकाच पंपाला किमान ३ फूट अंतरावर दोन ड्रेन जोडलेले हवेत, म्हणजे एक अडला तरी ओढ दुसरीकडे जाते. जाळी सैल किंवा तडकलेली दिसली तर पंप बंद आणि पूलही बंद. कुणी अडकलंच तर ओढत बसू नका, आधी पंप बंद करा. त्याचं बटण कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

पाण्याबद्दल थोडक्यात. मोकळं क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, किमान १ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात एक भाग), सायन्युरिक ॲसिड (उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून घालतात ते) वापरत असाल तर किमान २, पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप, ७.२ ते ७.८. पीएच ८ झाला की त्याच क्लोरीनचा जेमतेम पाव भाग जंतू मारायला उरतो. नाकात जाणारा उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त झालं असं नाही; घाम आणि लघवीशी मिसळून त्याचं क्लोरामाईन नावाचं उग्र वासाचं रसायन झालेलं असतं. तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर कुणीही उतरू नका, कारण खाली गेलेलं मूलही तसंच दिसणार नाही. क्लोरीन आणि ॲसिड एकमेकांत कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. वेगवेगळ्या प्रकारचं क्लोरीनही एका डब्यात नको, भडका उडू शकतो. नेहमी पाण्यात रसायन घाला, रसायनावर पाणी ओतू नका.

आता शेवटचा भाग, आणि इथे घाई नको. मूल दिसेनासं झालं तर खोल्या शोधण्याआधी पूल बघा. बाहेर काढलं आणि श्वास नसेल तर पोट दाबू नका, उलटं धरू नका. पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. बुडलेल्याला सर्वात आधी हवा लागते. डोकं मागे, हनुवटी वर, आणि आधी तोंडानं श्वास द्या. काही मार्गदर्शक सूचनांत दोन, काहींत पाच सांगितलेत. मग छातीच्या मध्यावर ३० दाब, छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, मग २ श्वास, आणि पुन्हा तेच. फोन स्पीकरवर ठेवून मदत मागवा, हात थांबवू नका. हे बघून येत नाही, पुतळ्यावर करून शिकावं लागतं, तेव्हा एक प्रशिक्षण घ्याच. मूल शुद्धीवर आलं, रडलं, बोललं तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात थोडं पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनी वाढू शकतो. खोकला थांबत नसेल, श्वास जलद चालत असेल किंवा मूल विचित्र पेंगत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.