सातवा न्यूट्रॉन कुठे बसला?

[दृश्य: निर्वात कक्षाचं झाकण उघडतं. आत चौकटीवर ताणलेला, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा.]

प्लास्टिकचा हा पापुद्रा म्हणजे प्रयोगाचं लक्ष्य. आहे पॉलिथिलीनच, पण त्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम आहे. ड्यूटेरियमच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. त्यांना सोडवायला जेमतेम २२ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. अणुकेंद्रांच्या हिशोबात ही गाठ फारच सैल, आणि म्हणूनच कामाची.

पापुद्र्यावर बेरिलियम-१० चा झोत सोडला जातो. बहुतेक अणुकेंद्रं सरळ आरपार जातात. एखादंच ड्यूटेरॉनला, म्हणजे ड्यूटेरियमच्या अणुकेंद्राला, घासून जातं आणि जाता जाता त्याचा न्यूट्रॉन उचलतं. झालं बेरिलियम-११, आणि उचललेला न्यूट्रॉन त्याचा सातवा! ड्यूटेरॉनचा प्रोटॉन तेवढा एकटा उरतो.

[दृश्य: सिलिकॉन डिटेक्टरची चकती, मधोमध झोतासाठी भोक.]

आपल्याला हवा तो हाच प्रोटॉन. गंमत अशी, की झोत पुढे धावत असताना कामाचे प्रोटॉन उलटे, झोत आला त्या दिशेला फेकले जातात. म्हणून ही चकती लक्ष्याच्या अलीकडे बसवतात.

प्रोटॉनच्या ऊर्जेवरून कळतं, की नवं अणुकेंद्र कोणत्या ऊर्जापातळीत तयार झालं. न्यूट्रॉन कोणत्या कक्षेत गेला, हे सांगतो प्रोटॉनचा कोन. हा दुवा १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ स्टुअर्ट बटलर यांनी दाखवून दिला. एस, पी, डी ही अणुकेंद्रातल्या कक्षांची नावं; एसमध्ये कोनीय संवेग शून्य, पी आणि डीमध्ये तो चढत जातो. न्यूट्रॉन एस कक्षेत गेला, तर प्रोटॉनांची गर्दी झोताच्या अक्षालगत होते. पी कक्षेत गेला, तर ती अक्षापासून बाजूला सरकते.

बेरिलियम-११ मध्ये चार प्रोटॉन आणि सात न्यूट्रॉन. कवच प्रतिमानाच्या, म्हणजे न्यूट्रॉन-प्रोटॉन ठरावीक कक्षांत क्रमाने बसतात असं मानणाऱ्या चित्राच्या, नेहमीच्या क्रमानुसार सातव्याची जागा पी कक्षेत. पण मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेचे प्रोटॉन पाहावेत, तर गर्दी अक्षालगतच! म्हणजे सातवा न्यूट्रॉन एस कक्षेत आहे. पी अवस्था त्याच्या ३ लाख २० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट वर. या उलट्या क्रमाची संगती भौतिकशास्त्रज्ञ ताल्मी आणि उन्ना यांनी १९६० मध्येच लावली होती.

हा न्यूट्रॉन फक्त ५ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टांनी बांधलेला आहे. एस कक्षेत त्याला केंद्रोत्सारी अडथळाही, म्हणजे कोनीय संवेगामुळे उभी राहणारी भिंतही, नसतो. त्यामुळे तो गाभ्याबाहेर दूरवर पसरतो. अशांना हॅलो अणुकेंद्रं म्हणतात.

[दृश्य: कोनानुसार प्रोटॉनसंख्येचा आलेख.]

पण तो निव्वळ एस कक्षेतलाच आहे का? असता, तर त्याचा स्पेक्ट्रोस्कोपिक गुणक, म्हणजे अवस्थेत निव्वळ एस कक्षेचा वाटा किती हे सांगणारा आकडा, १ च्या आसपास यायला हवा होता. अमेरिकेत ओक रिज इथे झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तो ०.७१ आला. खरं तर हा आकडा थेट मोजता येत नाही. मोजलेल्या बिंदूंना सिद्धांताची रेषा जुळवून तो काढावा लागतो. त्यात ड्यूटेरॉनची सैल गाठ आडवी येते, कारण तो वाटेतच फुटू शकतो आणि गणितात तेही धरावं लागतं. म्हणूनच झोताच्या चार वेगवेगळ्या ऊर्जांना सुसंगत उत्तर आलं, याला वजन आहे.

उरलेल्या वाट्यात बेरिलियम-१० चा गाभा स्वतःच उत्तेजित झालेला असतो. तेव्हा सातवा न्यूट्रॉन एसमध्ये नसतो, डी कक्षेत असतो.