कण्यातली गाठ शोधायची कशी? एमआरआयच्या आधीची गोष्ट

नमस्कार. कल्पना करा, दोन्ही पाय लुळे पडलेत, छातीपासून खाली त्वचा बधिर आहे. कण्यात कुठेतरी गाठ मज्जारज्जू दाबतेय. एक्स-रेचा शोध लागायला अजून आठ वर्षं आहेत. मग पाठ उघडायची कुठे?

९ जून १८८७, लंडन, क्वीन स्क्वेअरचं नॅशनल हॉस्पिटल. रुग्ण कॅप्टन गिल्बी. गाठ कुठे असावी हे ताडणारे मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स, चाकू शल्यविशारद व्हिक्टर हॉर्सलींच्या हातात.

हत्यार काय, तर टाचणी. कण्यातून निघणारी प्रत्येक नस त्वचेच्या एका ठरावीक पट्ट्याला जाते. [अंगावर बोट ठेवून] स्तनाग्रांच्या रेषेत छातीची चौथी नस, बेंबीशी दहावी, जांघेत कमरेची पहिली. बधिर भागातून टाचणी टोचत वर यायचं आणि रुग्ण ‘टोचलं’ म्हणाला की तिथे रेघ मारायची. ती रेघ म्हणजे गाठीची पातळी. किमान वाटतं तरी तसं.

हॉर्सलींनी ठरलेल्या मणक्यांच्या मागच्या कमानी काढल्या, मज्जारज्जूचं आवरण उघडलं. गाठ नाही! आणखी वरची कमान काढली, मग त्याहूनही वर गेले, तेव्हा कुठे बदामाच्या आकाराची गाठ मज्जारज्जूला डावीकडून दाबताना दिसली. ती निघाली आणि कॅप्टन पुन्हा चालू लागला.

चूक नेहमी खालच्याच बाजूला का होते? याची दोन कारणं आहेत, आणि दुर्दैवाने दोन्ही एकाच दिशेने फसवतात.

[फळ्यावर] पहिलं कारण: मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. कणा लांब, रज्जू आखूड. त्यामुळे नसा कण्याच्या आत तिरक्या खाली उतरून मग बाहेर पडतात. पाठीवर हाताला लागणारं छातीच्या चौथ्या मणक्याचं टोक घ्या. त्याच्या आत रज्जूचा साधारण सहावा खंड असतो, म्हणजे छातीची सहावी नस जिथून निघते तो भाग. म्हणजे छातीच्या वरच्या भागात मणक्याच्या आकड्यात दोन मिळवायचे, खाली सातव्या ते नवव्यापर्यंत तीन.

दुसरं कारण पुढे १८९०च्या दशकात शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्वचेच्या एकाच पट्ट्यात शेजारशेजारच्या नसांचा वाटा असतो. एक नस तोडली तर बधिरपणा जवळपास जाणवतच नाही, शेजारणी सांभाळून घेतात. म्हणून बधिरपणाची रेघ गाठीच्या बरीच खाली उमटते.

१८९५ला एक्स-रे आला, पण त्यात दिसतं ते हाड. मऊ गाठ आणि मऊ रज्जू त्यात सारखेच, म्हणजे दोन्ही अदृश्य. तोडगा १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी काढला, तोही खसखशीच्या तेलात! ४० टक्के आयोडीन असलेलं हे तेल, लिपिओडॉल, पाठीच्या पाण्यापेक्षा जड. रुग्णाला बसवायचं, मानेच्या मागून कवटीखालच्या पोकळीत एक-दोन मिलिलीटर सोडायचं. वाट मोकळी असेल तर तेल थेट तळाला जातं. गाठ असेल तर तिच्या डोक्यावर अडतं आणि एक्स-रेत पांढरं चमकतं.

पण यात दिसते ती फक्त वरची कड. खालची हवी असेल तर कमरेतून तेल घालून रुग्णाला डोकं खाली करून तिरकं झोपवायचं. आणि काही थेंब गाठ नसतानाही वाटेत चिकटून बसतात, म्हणून थोड्या वेळाने दुसरा फोटो काढायचाच. तेल अंगात फारसं जिरत नाही, हा त्याचा खरा दोष: आवरणाला सूज आणतं, आणि कित्येक वर्षांनंतरच्या एक्स-रेतही ते थेंब कण्याच्या तळाशी तसेच बसलेले दिसतात.