नेट नसताना पॅकेजची माहिती कशी काढायची? उबुंटू-डेबियनचं टर्मिनल

नमस्कार! कोकणात पाऊस लागला की वीज जाते, पाठोपाठ वायफाय जातं, आणि लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू राहतो. अशा वेळी उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स सिस्टिमवर पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर, उतरवता येणार नाही, पण त्याची माहिती नक्की मिळेल. पॅकेजं हाताळणारं टूल म्हणजे 'एपीटी', आणि 'सुडो' म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो एपीटी अपडेट' चालवलं की उपलब्ध पॅकेजांच्या याद्या आपल्याच डिस्कवर येऊन पडतात. त्यामुळे रेंज आहे तोवर ही कमांड मारून ठेवा. तिने अपग्रेड काहीच होत नाही.

नाव माहीत नाही? 'एपीटी सर्च'. नुसतं 'पीडीएफ' शोधलंत तर रांगच लागेल, कारण ते वर्णनातही शोधतं. पुढे दोन डॅश आणि 'नेम्स-ओन्ली' लावा.

नाव मिळालं की 'एपीटी शो'. गुहागर-दापोलीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसला असाल तर आधी डाउनलोड-साइजची ओळ बघा. पण सांभाळून हं, तो आकडा त्या एकाच पॅकेजचा. डिपेंड्समधली मंडळी, म्हणजे त्याला चालायला लागणारी इतर पॅकेजं, त्यात धरलेली नसतात. एकूण बेरीज 'सुडो एपीटी इन्स्टॉल' दिल्यावर दिसते आणि मग ते 'करू का?' असं विचारतं. तिथे 'एन', म्हणजे 'नको', दाबा. जादा पॅकेज लागतच नसेल, तर मात्र न विचारता थेट बसवायला घेतं!

कुठली आवृत्ती बसली आहे, कुठली मिळेल, कुठल्या रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजांच्या कुठल्या साठ्यातून? 'एपीटी पॉलिसी', पुढे पॅकेजचं नाव. झालं.

आता उलटा प्रश्न: ही फाइल कुठल्या पॅकेजने आणली? बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणारं टूल म्हणजे 'डीपीकेजी'. 'डीपीकेजी डॅश एस', एस कॅपिटल, पुढे फाइलचा पाथ, म्हणजे डिस्कवरचा पत्ता. इथे एक गंमत होते. डेबियन १२ वर 'विच एलएस' असं, म्हणजे 'एलएस' ही कमांड कुठे आहे ते, विचारलं तर उत्तर येतं 'स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश एलएस'. तोच पाथ डीपीकेजीला दिला की ते म्हणतं, सापडत नाही. कारण 'बिन' ही आता 'यूएसआर'मधल्या 'बिन'कडे नेणारी लिंक आहे, आणि डीपीकेजीच्या नोंदीत जुना, 'यूएसआर' नसलेला पाथ आहे. म्हणून सुरुवातीचं 'यूएसआर' काढून बघा, 'एलएस' आणणारं कोअरयूटिल्स हे पॅकेज सापडेल.

'डीपीकेजी डॅश' पुढे कॅपिटल एल आणि पॅकेजचं नाव दिलंत तर पॅकेजच्या सगळ्या फाइल्स दिसतात, पण पॅकेज बसवलेलं असेल तरच. न बसवलेल्यासाठी 'एपीटी-फाइल' वेगळं इन्स्टॉल करावं लागतं आणि त्यानंतर पुन्हा एकदा 'सुडो एपीटी अपडेट' मारावं लागतं. फाइलींच्या या याद्या बऱ्याच मोठ्या असतात, तेव्हा हे काम हॉटस्पॉटवर नको, चांगलं वायफाय असतानाच उरका.