टेलचं पाणी आणि गावाचा राग

(दृश्य : पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा)

नाथसागरातून निघालेला हा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. रब्बीची पाळी, म्हणजे कालव्याचं ठरलेलं पाणी, सुटली की वरची रानं आधी भिजतात. मग रात्रीत कुणी चारी, म्हणजे शेतांकडे पाणी नेणारा छोटा पाट, फोडतो आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, गहू वाळून जातो.

टेलवाला चिडणारच. पण ज्याचं भिजवून झालंय तोही बॅटरी घेऊन चारीवर राखणीला जातो. झोप मोडतो, शेजाऱ्याशी वैर ओढवून घेतो. त्याला यातून काय मिळतं?

2002 साली अर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर या अर्थतज्ज्ञांनी झुरिकच्या 240 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार-चार जणांचे गट, प्रत्येकाकडे 20 नाणी. सामायिक गल्ल्यात एक नाणं टाकलं की चौघांना 0.4-0.4 मिळायचे. म्हणजे टाकणाऱ्याचा तोटा, गटाचा फायदा. काही फेऱ्यांत मात्र स्वतःचं एक नाणं मोडून अंग चोरणाऱ्याची तीन कापता येत होती. तोच माणूस पुन्हा आपल्या गटात येणार नव्हता, तरीही 84 टक्के जणांनी निदान एकदा तरी पदरमोड करून दंड केला. त्यामागे हिशेब नव्हता, संताप होता. समोरचा चिडेल हे ठाऊक असलेला माणूस मग आधीच आपला वाटा टाकू लागला. दंडाची सोय नसलेल्या फेऱ्यांत गल्ला आटत गेला.

(दृश्य : पार, संध्याकाळ)

पण गावाचा राग नेहमी चोरावरच निघत नाही. जातीबाहेर लग्न केलं म्हणून घर वाळीत टाकलं जातं. त्या घरानं कुणाचं पाणी चोरलेलं नसतं. असा बहिष्कार हा गुन्हा आहे, महाराष्ट्राचा त्यासाठीचा कायदा 2017 पासून लागू आहे. तो लागलाच पाहिजे, तिथे गावाच्या भावना बघत बसू नये.

अर्थशास्त्रातल्या 2009 च्या नोबेल मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या सामायिक पाण्याच्या, कुरणांच्या व्यवस्था अभ्यासल्या. टिकलेल्या ठिकाणी राखण बहुधा लोकांचीच होती, आणि पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असायची. पुढे ती वाढत जायची.

आपल्याकडे पाणी वापर संस्थांना, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्याच संस्थांना, 2005 च्या कायद्याचा आधार आहे. पाळी सुटायच्या आधीच सभेत ठरवावं : पहिल्यांदा चारी फोडली तर सर्वांसमोर नाव वाचायचं, पुन्हा फोडली तर दंड. पैशापेक्षा चारचौघांत गेलेली लाज माणसाला जास्त लागते. नाव वाचताना मात्र वरचा बडा बागायतदारही सुटता कामा नये.